घरगुती खानावळ की हॉटेल? पूर्णगडच्या वाटेवरचे जेवण

रत्नागिरीहून दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस, गणेशगुळे, पूर्णगड या वाटेला लागलेल्या प्रवाशाला दुपारच्या जेवणाचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे घरगुती खानावळ. तिथे घराची पडवी किंवा अंगणातला मांडव असतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात आणि त्या दिवशी घरात जे शिजले असेल ते ताटात येते. दुसरा मार्ग हॉटेलचा किंवा रिसॉर्टच्या उपाहारगृहाचा. तिथे पाठपोट छापलेले मेनूकार्ड, गणवेशातला वेटर, फॅमिली रूम आणि शेवटी जीएसटीसह छापील बिल. पहिले ठिकाण साधे आणि दुसरे औपचारिक, असे सरसकट समजले जाते. दिसण्यापुरते ते खरेही आहे. व्यवहारात मात्र उलटे घडते. हॉटेलात कधीही, कितीही जणांनी, न कळवता शिरता येते. खानावळीला मात्र आधी कळवावे लागते, वेळ पाळावी लागते आणि वाढलेले मुकाट्याने गोड मानून घ्यावे लागते. हे ध्यानात न घेता निघालेली माणसे भर दुपारी अडीच वाजता पूर्णगडच्या बंद पडवीसमोर उभी राहतात.

पूर्णगड हे मुचकुंदी नदीच्या मुखावरचे गाव, रत्नागिरी शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. गावाच्या टेकाडावरचा किल्ला आटोपशीर आहे. महाद्वार, तटावरची फेरी आणि समुद्राच्या बाजूचा दरवाजा एवढे निवांत पाहायलाही तास-दीड तास पुरतो. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे गावखडी. ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात तो किनारा हाच. तिथून रस्ता पुढे कशेळी, आडिवरेमार्गे राजापूर तालुक्यात शिरतो. म्हणजे बहुतेकांसाठी पूर्णगड हा मुक्काम नसून वाटेवरचा थांबा आहे. सकाळी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन, मग गणेशगुळ्याचा गणपती आणि समुद्र, मग किल्ला, असा क्रम लागतो आणि किल्ल्यावरून उतरताना ऊन डोक्यावर आलेले असते. जेवणाचा प्रश्न नेमका तेव्हा आठवतो, आणि खानावळीच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो.

खानावळीचे हे गणित समजायला तिचा इतिहास थोडा पाहावा लागतो. महाराष्ट्रात खानावळ वाढली ती पर्यटकांसाठी नव्हे, घर सोडून आलेल्या माणसांसाठी. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले हजारो कामगार बायकामुले गावी ठेवून दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. त्यांना महिनेवारीवर दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बायका चाळीतल्या आपल्याच स्वयंपाकघरात चूल चालवत. हिशेब महिन्याचा, गिऱ्हाईक ओळखीचे आणि ताट ठरलेले. उधारी मात्र कायमची डोक्यावर. दुकानदाराकडून धान्य उधारीवर आणायचे आणि कामगाराचा पगार झाला की फेडायचे, या चक्रात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे जग विस्कटले. पण जेवणाऱ्यांची संख्या आधी माहीत असलेली, एकाच तऱ्हेचे ताट वाढणारी, घरातल्या बाईच्या हातावर चालणारी ही पद्धत टिकून राहिली.

कोकणात तिला नवे गिऱ्हाईक मिळाले ते पर्यटनामुळे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचा रिवाज गावोगाव रुजवला. खोली दिली की चहा-न्याहारी आली, आणि न्याहारी आवडली की पाहुणा जेवणाचे विचारतोच. आज पावस-पूर्णगड पट्ट्यात ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी दिसते तिच्यामागे बहुतेकदा असे एखादे घर असते: एक गॅसची शेगडी, एक चूल, सासू-सुना आणि मदतीला शेजारची एखादी बाई.

अशा घराला फोन केला की पलीकडून तीन प्रश्न येतात. माणसे किती? व्हेज किती, नॉनव्हेज किती? येणार किती वाजता? ही उगाच केलेली चौकशी नसते. पहिल्या उत्तरावर भात ठरतो आणि दुसऱ्यावर मासळीची खरेदी. तिसऱ्यावर भाकरी थापायला कधी बसायचे ते ठरते, कारण तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरच तिची मजा; अर्ध्या तासात ती वातड होते. मासा कोणता, हे मात्र आदल्या दिवशी कोणी सांगत नाही. ‘सकाळी काय मिळेल ते बघून सांगतो’ हेच प्रामाणिक उत्तर असते. आदल्या दिवशीच पापलेट पक्के सांगणाऱ्या घराबद्दल थोडी शंका घ्यायला हरकत नाही.

या उत्तरामागे खाडीचे अर्थशास्त्र आहे. सुरमई, पापलेट, मोठी कोलंबी हा मुख्यतः मोठ्या बोटींचा माल. तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरतो, तिथे लिलाव होतो आणि चांगला माल बर्फात बसून मुंबई-गोव्याकडे, काही परदेशीही जातो. खाडीतला माल वेगळा. बोय, काळुंदर, तांबोशी, चिंबोऱ्या, ओहोटीला खडकांवरून फोडून आणलेली कालवे, वाळूतून वेचलेल्या तिसऱ्या हे सारे थोडे थोडे मिळते, रोज बदलते आणि चार घरांना पुरून संपते. हॉटेलच्या मेनूकार्डावर काळुंदर छापता येत नाही, कारण उद्या ते मिळेलच याचा भरवसा नाही. खानावळीला छापायचेच नसल्यामुळे ती ते वाढू शकते. सुरमई खायची तर रत्नागिरीचे चांगले हॉटेल आणि कालवांचे कालवण खायचे तर खाडीकाठचे घर, अशी ढोबळ विभागणी करता येते.

पावसाळ्यात हा फरक आणखी ठळक होतो. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. या दोन महिन्यांत हॉटेलात मिळणारी सुरमई शीतगृहातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली असते. तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही, पण ताज्या मासळीच्या दराने तिचे पैसे मोजण्याचेही नाही. घरात याच दिवसांत बिगरयांत्रिक होडीने खाडीत मिळालेले काहीबाही, सोड्यांची भाजी, सुक्या बांगड्याची किसमूर आणि टाकळ्याची पालेभाजी शिजत असते. श्रावण लागला की अनेक घरांत मासळी महिनाभर बंद. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वारही घराघराप्रमाणे पाळले जातात. मासे खाण्याच्या बेताने निघालेल्याने वार पाहूनच फोन करावा.

शाकाहारी ताटाचे आधी कळवण्याशी नाते तर त्याहून घट्ट आहे. उकडीचा मोदक घ्या. पाणी, मीठ, चमचाभर तेल किंवा तूप यांना उकळी आली की तांदळाची पिठी त्यात वैरायची, झाकण ठेवून वाफ आणायची आणि ती उकड हाताला चटके बसत असतानाच पाण्याचा हात लावून मळायची. थंड झाली की तिला चिरा पडतात. मग पारी, चिमटीने कळ्या, आत गूळ-खोबऱ्याचे सारण, आणि मोदकपात्रात केळीच्या किंवा हळदीच्या पानावर दहा-बारा मिनिटे. पंधरा माणसांचे तीस-पस्तीस मोदक म्हणजे दोन बायकांची सकाळ. त्याआधी नारळ खवायचे काम वेगळेच. ‘आता बसलोच आहोत तर मोदकही आणा’ असे म्हणणाऱ्याला म्हणूनच ते मिळत नाहीत, आणि लगेच मिळाले तर ते सकाळचे गार असतात. ओल्या काजूची उसळ हीही अशीच. उन्हाळ्याच्या तोंडाशी बिया कोवळ्या असतात तेव्हाच ती होते आणि बी फोडणाऱ्याचे हात चिकाने सोलवटून निघतात. कुयरीची भाजी, अळूचे फदफदे, कुळथाचे पिठले, आमसुलाचे सार हे त्या मानाने सोपे. एवढे बहुतेक शाकाहारी घरे थोड्या अवधीतही करून घालतात.

हॉटेलचे स्वयंपाकघर निराळ्या तत्त्वावर चालते. सकाळीच लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या तयार होतात, मासळीला मसाला लावून ती फ्रिजमध्ये जाते, पीठ मळून ठेवले जाते. ऑर्डर आत गेली की या तयार भागांची जुळणी होते आणि वीस मिनिटांत टेबलावर शंभर पदार्थांपैकी कोणतेही चार येतात. या पद्धतीची टिंगल करण्याची फॅशन आहे. ती अन्यायाची आहे. आजीला पथ्याचे फिके वरण, नातवाला नूडल्स, जावयाला सुरमई फ्राय आणि एकादशीवाल्या काकूंना साबुदाण्याची खिचडी हे सारे एकाच टेबलावर, एकाच वेळी देणे कुठल्याही घराला जमणारे नाही. शिवाय हात धुवायला बेसिन, स्वच्छ शौचालय, गाडी लावायला जागा, लहान मुलांची उंच खुर्ची, रात्री साडेदहापर्यंत चालू राहणारे स्वयंपाकघर या सोयींचेही मोल असतेच. चाळीस जणांची बस घेऊन आलेल्यांनी तर खानावळीचा मोह धरूच नये. घर आग्रहाला बळी पडून हो म्हणते, आणि मग शेवटच्या पंगतीला आमटीत पाणी वाढते.

ठरलेले ताट आणि निवडीचे ताट हा झगडा जुनाच आहे आणि जगभरचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये बाहेर जेवणारा माणूस खानावळीच्या मोठ्या सामायिक टेबलाशी, ठरल्या वेळी, यजमानाने जे शिजवले ते ठरल्या दरात खात असे. १७६० च्या दशकानंतर पॅरिसमध्ये स्वतंत्र टेबले, दर लिहिलेली पदार्थांची यादी आणि हव्या त्या वेळी जेवण देणारी रेस्टॉरंट उभी राहिली. बोव्हिलिए या नामांकित आचाऱ्याने १७८० च्या दशकात त्यांना उंची थाट दिला. आज जिला आपण हॉटेलची पद्धत म्हणतो तिचा बराचसा भाग तिथून आला. पूर्णगडची पडवी मात्र अजून त्या जुन्या सामायिक टेबलाच्या जवळची आहे.

हीच निवड एके ठिकाणी जाणूनबुजून रचून ठेवलेली दिसते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डिस्नीचे एपकॉट हे मनोरंजन उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. मुलांकडे अमेरिकेला गेलेली मराठी कुटुंबे या उद्यानात हमखास जातात. त्यातल्या फ्रान्स विभागात पॉल बोक्यूज, रोजे व्हर्जे आणि गास्तों लनोत्र या तीन ख्यातनाम फ्रेंच आचाऱ्यांनी रेस्टॉरंट थाटले. खाली ‘शेफ द फ्रान्स’ हे गजबजलेले, कुटुंबांनी भरलेले, पदार्थ निवडून मागवायचे ठिकाण. वरच्या मजल्यावर आधी ‘बिस्त्रो द पारी’ होते, त्याचेच २०१२ च्या अखेरीस ‘मस्य पॉल’ झाले. तिथे शांतता, पांढरी टेबलक्लॉथ आणि टप्प्याटप्प्याने येणारे जेवण. याशिवाय बेकरी आहे, आणि २०२१ पासून ‘क्रेपरी द पारी’ आहे. तिथे बसूनही खाता येते आणि खिडकीशी उभे राहून घडी घातलेला गोड क्रेप हातात घेऊन चालूही पडता येते. वेळ कमी, मुले कंटाळलेली आणि खेळांच्या रांगा बाकी असतील तर बेकरी किंवा खिडकी. सगळ्यांना बसून जेवायचे असेल तर खालचे टेबल. लग्नाचा वाढदिवस असेल आणि संध्याकाळ मोकळी असेल तर वरचा मजला. टेबलाची सेवा देणाऱ्या ठिकाणांचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, आणि वरच्या मजल्यासाठी दीड-दोन तास हाताशी ठेवावेच लागतात. शाकाहारी मराठी पाहुण्याने तिथे पदार्थाचे नाव पाहून भुलू नये. कांद्याचे प्रसिद्ध फ्रेंच सूप परंपरेने गोमांसाच्या अर्कात शिजते आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असते. बसल्याबरोबर वेटरला स्पष्ट सांगितले तर तो मुदपाकखान्यात विचारून येतो.

उद्यान आणि जेवणाऱ्याच्या सवयी यांचे जमले नाही तर काय होते, याचे उदाहरण पॅरिसजवळच्या डिस्नी उद्यानाने घालून दिले. १९९२ मध्ये ते उघडले तेव्हा कौटुंबिक शिस्तीच्या नावाखाली आत मद्य मिळत नसे. जेवणाबरोबर पेलाभर वाइन घेणाऱ्या फ्रेंचांना ते पटेना, आणि १९९३ मध्ये नियम शिथिल करावा लागला. कोकणातल्या घरगुती खानावळीत मात्र असा नियम शिथिल होईल अशी आशा कोणी धरू नये. पडवीत बाटली काढणे म्हणजे घरच्यांचा अपमान, मग ते घर कितीही मासळीखाऊ असो. ज्यांच्या सहलीत ती गरज आहे त्यांच्यासाठी रत्नागिरीत परमिट रूम आहेत.

पूर्णगडच्या वाटेवर निवड कशी करायची, हे ठरते वेळेवर आणि माणसांच्या संख्येवर. दोन ते आठ-दहा जण असतील, निघण्याची वेळ आपल्या हाती असेल आणि एकूण मंडळींना एकच ताट चालणार असेल, तर खानावळीला तोड नाही. आदल्या संध्याकाळी फोन करावा, सकाळी मासळी पक्की करावी आणि साडेबारा ते दीडच्या दरम्यान पोचावे. यासाठी किल्ला सकाळी आधी आणि पावस परतीच्या वाटेवर, असा क्रम उलटा लावलेला सोयीचा. भाविकांना पावसच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो. तो घ्यायचा असेल तर मग मूळ क्रमच बरा, आणि जेवणाचा खटाटोपच उरत नाही. वेळेचा भरवसा नसेल, गाडीत तीन पिढ्यांची तीन तऱ्हेची पथ्ये असतील, किंवा रात्रीच्या जेवणाला नऊ वाजून जाणार असतील, तर सरळ रत्नागिरी गाठावी. खेडेगावातली चूल आठ-साडेआठला आवरलेली असते. गणेशगुळ्याकडच्या काही निवासांची स्वतःची उपाहारगृहे आहेत. ती या दोहोंच्या मधली. तिथे मेनूकार्ड असते, पण त्यातले निम्मे आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही.

शाकाहारी असणाऱ्यांनी एक प्रश्न न लाजता विचारावा: मासे शिजतात ती भांडी वेगळी आहेत का? पावसच्या परिसरात निव्वळ शाकाहारी, मागितल्यास कांदा-लसूण वगळून रांधणारी घरे आहेत. दोन्ही प्रकार करणारी घरेही बहुधा भांडी वेगळी ठेवतात. मोठ्या हॉटेलात तळणीचे तेल एकच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा हा प्रश्न तिथेही विचारायचा. स्वच्छतेची खूण म्हणून अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक दोन्हीकडे दर्शनी भागात लावलेला असायला हवा. त्याबरोबर हंड्यावरचे झाकण आणि पाणी घ्यायचे ओगराळे पाहिले तरी बरेच कळते.

वागण्याचे नियम पडवीत अधिक आहेत आणि ते कुठे लिहिलेले नसतात. चपला पायरीखाली काढायच्या. भाकरी एकेक येते, म्हणून पहिलीनेच पोट भरायचे नाही आणि दुसरीसाठी आतल्या बाईला हाकाही मारायच्या नाहीत. सोलकढी भाताबरोबर घ्यायची की शेवटी प्यायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ताटात टाकणे मात्र वाईट दिसते, कारण टाकलेले नेमके कोणाच्या हातचे आहे हे समोरच दिसत असते. सांगून न येणे हा सर्वात मोठा अपराध. पंधरा जणांची मासळी घेऊन बसलेल्या घराचा तो दिवस तोट्यात जातो, म्हणूनच आता बरीच घरे निम्मे पैसे आधी मागतात. ते रास्त आहे.

पैशांचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा. खानावळीत ताटाचा दर ठरलेला असतो. मासळीची तुकडी किंवा चिंबोरी जादा घेतली तर तिचा दर आकारावर जातो, तेव्हा तो ताटावर बसण्याआधी विचारून घ्यावा. हॉटेलच्या कार्डावर ‘बाजारभावाप्रमाणे’ असे छापले असेल तिथेही हेच. साध्या उपाहारगृहात बिलावर पाच टक्के जीएसटी लागतो. उंची भाड्याच्या हॉटेलातल्या उपाहारगृहात तो अठरा टक्क्यांपर्यंत जातो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे, आणि २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही. नको असेल तर काढायला सांगता येते. वेटरला टीप देण्याची रीत आहे. खानावळीत घरधनिणीच्या हातावर टीप ठेवणे अवघडल्यासारखे होते. त्याऐवजी तिच्याकडून आगळाची बाटली, आंबापोळी किंवा कुळथाचे पीठ विकत घेतले तर ते घराला आवडते आणि उपयोगीही पडते. समुद्रालगतच्या या पट्ट्यात मोबाइलची रेंज अधूनमधून दगा देते. ऑनलाइन पैसे अडकले की दोन्ही बाजूंची पंचाईत होते, म्हणून जेवणापुरती रोकड खिशात असू द्यावी.